पंप बंद, रोप सुकतंय : कार्बोरेटरमधला डिंक घरच्या घरी

डिसेंबर नुकताच लागला होता. कचेरीतून येऊन चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच गावाकडून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, पंप चालू होईना. दोरी ओढून ओढून खांदा गेला. परवा कांद्याचं रोप लावलंय, आता पाणी द्यायचं कसं?”

आमच्या गावाजवळच्या धरणाचे पाणी उतरू लागले की गाळपेराची जमीन उघडी पडते. चार घरे मिळून ती एकसाली करारावर घेतात. तिथे विजेची तार नाही. म्हणून बचत गटाचे कर्ज काढून दोन वर्षांपूर्वी पेट्रोलवर चालणारा लहान पंप घेतला. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो, पंप चालो वा न चालो. तालुक्याच्या मेकॅनिकने फोनवरच सांगितले होते, “आठ दिवस ठेवून जा. बहुतेक नवा कार्बोरेटर लागेल.” नुकत्याच लावलेल्या रोपाला आठ दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे ज्याने शेत पाहिले आहे त्याला सांगायला नको.

मी विचारले, “शेवटचा कधी चालवला होता?”

“एप्रिलात. टरबुजाला शेवटचं पाणी दिलं, अन् पोतं गुंडाळून ठेवला.”

“टाकीत पेट्रोल होतं?”

“होतं की, अर्धी टाकी. महागाचं पेट्रोल, ओतून कशाला द्यायचं?”

दुखणे या शेवटच्या उत्तरात होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी मोपेड, मंडळाचा छोटा जनरेटर, फवारणीचा पेट्रोल पंप असा काही ना काही लहान इंजिनाचा संसार असतो. तो वर्षातून काही महिने चालतो आणि उरलेले महिने कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून हा विषय या वेळी सदरात घेतला आहे.

कार्बोरेटरचे काम फवारणीच्या पंपासारखे आहे. इंजिन हवा आत ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढून हवेत मिसळते. वाटीत पेट्रोल किती राहावे हे आतला तरंगता फ्लोट ठरवतो. तो वर आला की सुईसारखी झडप पेट्रोलची वाट बंद करते. ज्या छिद्रांतून पेट्रोल मोजून जाते त्यांना जेट म्हणतात. भार पडल्यावर मुख्य जेट काम करतो आणि इंजिन संथ चालताना पायलट जेट. पाण्याच्या लहान पंपात मुख्य जेटचे छिद्र मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. पायलट जेटचे तर त्याहून लहान, नुसत्या डोळ्याने चटकन दिसतही नाही. एवढ्याशा वाटेवर सगळे इंजिन अवलंबून!

पेट्रोल हा काही एकच पदार्थ नाही. त्यात हलके, लवकर उडणारे भाग असतात आणि जड भागही असतात. वाटीतले पेट्रोल उघड्या हवेच्या संपर्कात असते. त्यातले हलके भाग उडून जातात आणि उरलेल्यावर हवेतल्या प्राणवायूची क्रिया होऊन चिकट पदार्थ तयार होतो. आधी तो काकवीसारखा असतो, पुढे सुकून लाखेसारखा कडक थर बनतो. मेकॅनिक लोक त्याला ‘डिंक’ म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत हे काम झपाट्याने होते.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2023 पासून पंपांवर येऊ लागले, आणि 2025 पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे झाले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळे बसते, आणि वाटीच्या तळाशी जस्त-ॲल्युमिनियमच्या धातूवर पांढरी भुकटी व पितळेच्या जेटवर हिरवट थर धरतो. शिवाय टाकीत आधीपासून चिकटलेला मळ इथेनॉलने सुटतो आणि वाहत येऊन जेटमध्ये अडकतो. जुन्या यंत्रांतले रबर फुगते ते वेगळेच. म्हणून पूर्वी सहा महिने पडून राहिलेली मोपेड चार लाथांत चालू होई, तशी ती आता होत नाही अशी तक्रार कुणी केली, तर ते केवळ गतकाळाचे कौतुक समजू नये.

दोष कार्बोरेटरचाच आहे हे कसे ओळखावे? चोक ओढला की इंजिन चालते आणि चोक सोडला की विझते, किंवा रिकामे चालताना आवाज वरखाली हेलकावे खातो, तर पायलट जेट तुंबला असे समजावे. इंजिन संथ चालते पण भार देताच गुदमरते, तर मुख्य जेट पाहावा. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकते, तर सुईझडप डिंकाने अडकली आहे. आणि हे काहीच नसेल तर आधी प्लगची ठिणगी आणि इंजिनातले तेल तपासावे. बऱ्याच पंपांत तेल कमी झाले तर इंजिन चालूच होऊ नये अशी सोय असते. नाहीतर निष्कारण कार्बोरेटर खोलून बसाल.

आमच्या गल्लीत एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. हे सगळे ज्ञान त्यांचे, मी आपला लिहून घेणारा. फोन ठेवल्यावर त्यांच्याकडेच गेलो. ते म्हणाले, “आधी उघडू नको. वाटीच्या खाली निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सोडून जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायला सांग, अन् बाटली दहा मिनिटं स्थिर ठेव.” वहिनींनी तसे केले. पेट्रोलचा रंग चहासारखा, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा आणि तळाशी पाण्याचा वेगळा थर. टाकी रिकामी करताना माझ्या पुतण्याने नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची तयारी केली होती. मी फोनवरच ओरडलो. पेट्रोल काय किंवा रॉकेल काय, घोटभर चुकून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. ते पोटात गेले तर ओकारी काढायचा प्रयत्नही करू नये, सरळ दवाखाना गाठावा. टाकी वाकडी करून, नरसाळे लावून पेट्रोल काढता येते.

कधी कधी एवढ्यानेच काम होते. जुने पेट्रोल काढावे, ताजे भरावे, तासभर थांबावे आणि चोक लावून दोरी ओढावी. डिंक अजून मऊ असेल तर ताज्या पेट्रोलात विरघळतो. आमचा विरघळला नाही. आठ महिन्यांचा होता तो.

दुसरा शनिवार होता, कचेरीला सुट्टी. पहाटेची एस.टी. धरून गावी गेलो. काकांनी दिलेली पिशवी सोबत होती. तिच्यात एक स्क्रू-ड्रायव्हर, दहाचा पाना, जुना दात घासायचा ब्रश, कार्बोरेटर साफ करायच्या फवाऱ्याचा डबा आणि विजेच्या वायरीचा हातभर तुकडा. वायरीचे काय, ते पुढे येईल.

कामाची जागा वहिनींनी ओसरीवर मांडली होती. ती मी उचलून अंगणाच्या टोकाला, निंबाखाली नेली. त्यांना ते जरा लागले. “घरात का नको?” पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत जाते, आणि चूल, गॅस, मेणबत्ती, अगरबत्ती, डासांची कॉइल, जे भेटेल त्यावर पेट घेते. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही वाफ सोडते, तापवायला लागत नाही. एका खोलीच्या घरात, जिथे स्वयंपाकही तिथेच आणि झोपणेही तिथेच, हे काम करूच नये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीवर करावे. अंगावर टेरिकॉटचा शर्ट नको, जवळ वाळूची बादली हवी, लहान मुले दूर हवीत. काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानेला पोर आधी तोंडाला लावते आणि मग वास घेते.

खोलण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले. कार्बोरेटर काढणे सोपे आहे, पण कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे तासाभराने कुणालाही आठवत नाही. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये कागदी गॅस्केट आणि काळा जाड तुकडा असतो. ते ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाले तसेच ताटात ओळीने मांडून ठेवावे. उलटे बसले तर बारीक भोक बंद होते आणि आपण पुन्हा डिंकालाच शिव्या देत बसतो.

वाटी उघडली. तळाला मधासारखा थर, त्याच्या कडेने पांढरी भुकटी. वहिनी वाकून बघत म्हणाल्या, “हे तर पितळी हंड्यासारखं कळकलंय. चिंच लावू का?”

मी हसलो, पण प्रश्न हुशारीचा होता. घरगुती उपायांबद्दल जो गोंधळ आहे तो इथेच आहे. कुणी लिंबू सांगतो, कुणी व्हिनेगर, कुणी थिनर, कुणी नखांचा रंग काढायचे पाणी. यातले बरोबर कोणते? मळ दोन जातींचा आहे, हे लक्षात घेतले तर उत्तर सापडते. मधासारखा डिंक तेलाच्या जातीचा. तो आंबटाला दाद देत नाही. त्याला थिनर, ॲसिटोन किंवा कार्बोरेटरचा फवारा लागतो. रॉकेल चालते, पण त्याने काम हळू होते, आणि रॉकेल आता रेशनवर पूर्वीसारखे मिळतही नाही. पांढरी भुकटी आणि हिरवा थर हा धातूचा गंज. त्याला फवारा कितीही मारा, तो हलत नाही. त्याला चिंच, लिंबू लागते, हंड्याला लागते तसेच. दोन्ही मळ असतील तर आधी डिंक काढावा, मग गंज. उलट केले तर डिंकाखालच्या गंजापर्यंत लिंबू पोहोचतच नाही.

आता खबरदारी. थिनर आणि ॲसिटोन रबर व प्लॅस्टिक खातात. म्हणून फ्लोट, रबरी रिंगा, सुईचे रबरी टोक, प्लॅस्टिकच्या डोक्याचा पायलट जेट हे आधी बाजूला काढून साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे. उरलेला धातूचा भाग झाकणाच्या डब्यात थिनरमध्ये तासभर बुडवावा. डोळ्याला चष्मा हवा. फवारा एका भोकात मारला की दुसऱ्या भोकातून नेमका डोळ्यातच येतो, हा माझा अनुभव आहे.

लिंबाचे पाणी म्हणजे लिटरभर पाण्यात दोन-तीन लिंबे. ते चुलीवर उकळावे, पण कार्बोरेटर चुलीजवळ नेऊ नये! कार्बोरेटर चुलीवरच्या पातेल्यात उकळावा असे सांगणारे पुष्कळ भेटतील. आतल्या एखाद्या वाटेत थेंबभर पेट्रोल वा थिनर राहिले असेल तर ते पातेले पेटते. म्हणून कार्बोरेटर आधी साबणाने धुऊन उन्हात सुकवावा, पाण्याचे पातेले अंगणात आणावे, आणि मग त्यात कार्बोरेटर दहा मिनिटे टाकावा. जास्त नाही. आम्ल गंज खाते तसे धातूही खाते. ॲल्युमिनियम काळवंडते आणि जस्ताचा भाग खरबरीत होतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर टाकून सकाळी चाळणी झालेला कार्बोरेटर काकांनी पाहिला आहे. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून स्वच्छ पाण्याने धुवावा. आणि ते पातेले पुन्हा स्वयंपाकात घ्यायचे नाही. वहिनींनी म्हणूनच फुटक्या कानाचे काढून दिले.

मुख्य काम जेटचे. तो पितळेचा असतो, मऊ. बरोबर मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरनेच सोडवावा. पात्याने खाच मोडली की संपले. इथे माझी जुनी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मोपेडचा जेट मी शिलाई मशीनच्या सुईने ‘साफ’ केला. गाडी चालू झाली, मी खूष! पण मग पेट्रोल पिऊ लागली, प्लग काजळीने काळा होऊ लागला. सुईने भोक मोठे केले होते. केसाएवढा फरक, पण पेट्रोल मोजणारे तेच भोक. म्हणून पोलादी सुई, टाचणी, गिटारची तार जेटला लावू नये. काकांनी दिलेला वायरीचा तुकडा यासाठी. घरातल्या लवचिक वायरीत तांब्याच्या पुष्कळ बारीक तारा असतात, त्यांतली एक साधारण 0.2 मिलिमीटर जाडीची असते. तांबे पितळेपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. अशी एकच तार अलगद आरपार न्यावी. जोर लावायचा नाही. जात नसेल तर पुन्हा थिनरमध्ये बुडवून ठेवावे. झाले की जेट उजेडाकडे धरावा. भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. चंद्रकोर दिसली तर डिंक अजून आहे.

आमच्या मुख्य जेटमधून पंधरा मिनिटांत उजेड दिसला. पायलट जेटने मात्र दुपार खाल्ली. तीनदा बुडवला, तीनदा फवारला, तरी अंधार. वहिनी दर अर्ध्या तासाने येऊन बघत आणि काही न बोलता शेताकडे नजर टाकत. चौथ्या वेळी तार गेली. उन्हाकडे धरला तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड. वहिनींना दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाल्या, “एवढ्याशानं चार घरं अडवली होती?”

कार्बोरेटरच्या अंगातल्या आतल्या वाटांनाही हवा मारावी लागते. सायकलच्या पंपाला बारीक तोटी लावली तरी चालते, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम. पेट्रोल ज्या दिशेने जाते त्याच्या उलट दिशेने मारावी, म्हणजे अडकलेला कण आला त्या वाटेने मागे निघतो. जिथे मिश्रणाचा स्क्रू असतो तिथे तो काढण्यापूर्वी हलकेच आत फिरवून किती वेढे होतात ते मोजून कागदावर लिहावे आणि परत तितकेच सोडावे. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला, बदलावाच लागेल. सुईच्या टोकावर घासून गोल खड्डा पडला असेल तर तीही बदलावी. वाटीचे रबरी गॅस्केट फुगून खाचेत बसेना, तर लगेच फेकू नये. तासभर उन्हात ठेवले की बरेचदा आकसून पुन्हा बसते. आमचे बसले.

टाकीच्या कॉकखाली एक छोटी कटोरी आणि जाळी असते, ती आणि टाकी धुतल्याशिवाय पुन्हा जोडू नये. नाहीतर आजची सफाई उद्या तुंबते. उरलेले थिनर-पेट्रोल गटारात, विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये. पत्र्याच्या डब्यात बंद करून आम्ही ते तालुक्याच्या गॅरेजला दिले. तेथे जळके तेल गोळा करणारे येतात, त्यांच्याबरोबर ते गेले.

जोडणी होईस्तोवर पाच वाजले. ताजे पेट्रोल, चोक, पहिली ओढ कोरडी, दुसरी कोरडी, तिसऱ्या ओढीला एक खोकला आला आणि चौथीला पंप धरला. चोक हळूहळू सोडला तरी विझला नाही. हेलकावेही नाहीत. त्या रात्री बॅटरीच्या उजेडात साडेअकरापर्यंत पाणी चालले. कडेच्या दोन वाफ्यांतले रोप गेले ते गेलेच, बाकीचे उठले.

मला हिशेबाची सवय, म्हणून मांडतो. फवारा आणि थिनर मिळून 340 रुपये, एस.टी.चे भाडे वेगळे, माझा एक दिवस. मेकॅनिकने नव्या कार्बोरेटरचे मजुरीसह 1,100 सांगितले होते, आणि आठ दिवस. रुपयांतला फरक फार नाही. आठ दिवसांचा होता.

ही कृती सगळ्या यंत्रांना चालत नाही. गवत कापायची यंत्रे आणि पाठीवरचे बरेच लहान फवारे यांच्या कार्बोरेटरला वाटीच नसते, त्यात रबरी पडदे असतात. तिथे थिनर गेले की पडदा वाकडा झालाच. त्याचे पडदे आणि गॅस्केट यांचा संच विकत मिळतो, तो बदलणे बरे. आणि एप्रिल 2020 नंतर बीएस-6 नियमांत आलेल्या बहुतेक मोटारसायकलींत व स्कूटरांत कार्बोरेटर राहिलेला नाही, पेट्रोल इंजेक्टरने जाते. त्या घरी खोलू नयेत.

पुढे काय करायचे तेही वहिनींना त्या रात्रीच सांगितले होते. हंगामाचा शेवटचा पंप चालवताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत चालू द्यायचे. मग निचऱ्याचा स्क्रू सोडून वाटीतला उरलेला घोट काढायचा, टाकी रिकामी करायची. टाकीतले चांगले पेट्रोल कुणाच्या मोटारसायकलीत घालायचे, वाया जात नाही. पेट्रोल महिन्याभराच्या गरजेपुरतेच आणायचे आणि पत्र्याच्या कॅनवर तारीख लिहायची. त्यांनी ती खडूने लिहिली होती, पुसली गेली. मग नखांच्या लाल रंगाने लिहिली.

एप्रिलअखेर त्यांचा पुन्हा फोन आला. “भाऊजी, ऐका,” म्हणाल्या आणि फोन पंपाजवळ धरला. कॉक बंद केलेला होता. इंजिन नेहमीसारखे चालत होते, मग आवाज जरा चढला, अडखळला, दोनदा खोकला आणि थांबला. “आता खालचा स्क्रू सोडते,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.